विमानप्रवासात लागणारं इंग्रजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला मी ज्येष्ठांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. मुलगी अमेरिकेत, मुलगा दुबईत नाहीतर बंगळुरूत, आणि आईवडील पहिल्यांदाच सोबतीशिवाय विमानाने निघालेले, अशी मंडळी त्यात बहुतेक असतात. वर्ग संपला तरी व्हॉट्सअॅपवर प्रश्न येत राहतात आणि फिरून तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळं पाठ करायची गरज नाही. ज्याला जो प्रश्न पडला असेल त्याने तो वाचावा. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सामानाचे आणि वेळेचे नियम कंपनीगणिक बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते एकदा वाचाच.

१. मला इंग्रजी बोलता येत नाही. मी एकटी जाऊ शकेन का?

नक्की जाऊ शकाल. विमानतळावर बोलावं कमी लागतं, वाचावं आणि ऐकावं जास्त लागतं. डिपार्चर्स म्हणजे निघणाऱ्यांची बाजू, अरायव्हल्स म्हणजे उतरणाऱ्यांची. मग चेक-इन (हजेरी लावून बोर्डिंग पास घेणं), सिक्युरिटी (अंगाची आणि सामानाची तपासणी), इमिग्रेशन (पासपोर्ट-व्हिसाची तपासणी), गेट (विमानात चढायचं दार) आणि उतरल्यावर बॅगेज क्लेम (सामान घ्यायची जागा). एवढे फलक ओळखता आले की वाट सापडते. मुंबईत ते मराठीतही असतात, परदेशात नसतात.

बोलण्यासाठी तीन वाक्यं जिभेवर बसवा. ‘प्लीज से इट अगेन, स्लोली.’ ‘आय डोन्ट अंडरस्टँड.’ ‘प्लीज राइट इट डाउन.’ कागदावर लिहून मिळालं की घाई राहत नाही, आणि तो कागद पुढच्या माणसाला नुसता दाखवता येतो.

एक गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते, इथेही सांगते: न समजलेल्या प्रश्नाला ‘येस’ म्हणू नका. समोरचा साहेबी थाटात काही विचारतो आणि आपण संकोचाने मान डोलावून ‘येस, येस’ म्हणतो. घरी त्याने काही बिघडत नाही. विमानतळावर मात्र ते तुमचं उत्तर म्हणून धरलं जातं आणि त्यावर पुढची कारवाई होते. कुठे कुठे, ते प्रश्न ९, ११ आणि १२ मध्ये आलं आहे.

२. तिकिटावर ‘मुंबई’ लिहिलंय. मग सहारला जायचं की उलव्याला?

२५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुटू लागली, तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. शहराच्या नावावर जाऊ नका, तीन अक्षरी कोड पाहा. बीओएम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, अंधेरी-सांताक्रूझ बाजूचा. एनएमआय म्हणजे नवी मुंबई, उलवे-पनवेल बाजूचा. वाशी-नेरुळच्या मंडळींना एनएमआय जवळचा वाटतो म्हणून स्वस्त दिसेल ते तिकीट काढलं जातं, आणि परतीचं विमान बीओएमला उतरतं. जाण्याचा आणि येण्याचा कोड वेगवेगळा वाचा. ठाण्याहून एकीकडे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जायचं, दुसरीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याने. चुकीच्या विमानतळावर पोचल्यावर दुसरा गाठायला वेळ उरत नाही.

गोव्यालाही हेच लागू आहे. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. सावंतवाडी-बांद्याच्या बाजूला उतरायचं असेल तर मोपा, वास्को-मडगावसाठी दाबोळी.

३. टी-वन आणि टी-टू म्हणजे काय?

टर्मिनल म्हणजे प्रवाशांची इमारत. बीओएमला दोन आहेत. टी-टू सहारला, अंधेरी पूर्वेला. तिथून परदेशी आणि देशांतर्गत दोन्ही विमानं सुटतात. टी-वन विलेपार्ले-सांताक्रूझ बाजूला, फक्त देशांतर्गत. दोन्हींची प्रवेशद्वारं एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ नाहीत. रिक्षावाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका, टर्मिनल सांगा.

४. पीएनआर, ई-तिकीट नंबर आणि बोर्डिंग पास, हे तिन्ही एकच ना?

नाही. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो, विमानाचा सहा खुणांचा असतो आणि त्यात बहुधा अक्षरं-आकडे मिसळलेले असतात. त्याला बुकिंग रेफरन्स असंही म्हणतात. फोनवर, काउंटरवर, वेबसाइटवर सगळीकडे हाच विचारतात. ई-तिकीट नंबर तेरा आकडी असतो. तो परताव्याच्या वेळी लागतो. बोर्डिंग पास म्हणजे विमानात चढायची चिठ्ठी: त्यावर नाव, सीट, गेट आणि बोर्डिंगची वेळ. तिकीट काढलं म्हणजे बोर्डिंग पास मिळाला असं होत नाही. तो चेक-इन केल्यावर मिळतो.

५. फोनवर पीएनआर सांगताना बी, डी, पी, टी सगळं सारखंच ऐकू येतं. काय करू?

विमानक्षेत्रात अक्षरं शब्द जोडून सांगतात. ए अल्फा, बी ब्राव्हो, सी चार्ली, डी डेल्टा, एम माइक, एन नोव्हेंबर, पी पापा, एस सिएरा, टी टँगो, व्ही व्हिक्टर. हे आठवलं नाही तरी बिघडत नाही. ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, पी फॉर पुणे’ एवढ्यानेही काम होतं. शून्य आणि ओ यांत गोंधळ होतो, म्हणून आकडा असेल तर ‘झीरो’ म्हणा, ‘ओ’ म्हणू नका.

६. तिकिटावर १५ तारीख, ००:३० लिहिलंय. मी १५ला रात्री निघायचं ना?

नाही. १४ तारखेला रात्री निघायचं. १५ तारीख रात्री बारा वाजता सुरू होते आणि हे विमान त्यानंतर अर्ध्या तासाने सुटतं. १५ला रात्री जेवून निघालात तर विमान जाऊन जवळजवळ चोवीस तास झालेले असतील. आखाती देशांची आणि युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे आपल्याकडे ही चूक फार होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरातून निघायची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, विमानाची नको.

वेळेशेजारी छोटं ‘प्लस वन’ दिसलं तर पोचण्याची तारीख पुढच्या दिवसाची आहे. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात: निघण्याची वेळ मुंबईची, उतरण्याची तिकडची. अमेरिकेत काही ठिकाणी महिना आधी लिहितात आणि तारीख नंतर, म्हणून ०५/०६ असं दिसलं की महिना अक्षरांत विचारून घ्या.

७. माझं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. तिकिटाच्या रकान्यात कुठे काय भरायचं?

पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर जसं आहे तसंच भरा. सरनेम किंवा लास्ट नेम म्हणजे आडनाव. गिव्हन नेम किंवा फर्स्ट नेम म्हणजे उरलेलं सगळं. समजा पासपोर्टवर सरनेमपुढे ‘पाटील’ आणि गिव्हन नेमपुढे ‘सुनंदा रमेश’ आहे, तर तिकिटावरही तसंच हवं. मधलं नाव वेगळ्या रकान्यात मागितलं तर रमेश तिथे घाला. बोर्डिंग पासवर आडनाव आधी येतं आणि सगळी अक्षरं जोडून छापली जातात. त्याने घाबरू नका.

दोन ठिकाणी अडचण येते. लग्नानंतर आधारवर नाव बदललं, पासपोर्टवर माहेरचंच राहिलं: परदेशप्रवासाचं तिकीट पासपोर्टप्रमाणेच काढा. दुसरं म्हणजे पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असणं. संयुक्त अरब अमिरातीने २०२२मध्ये अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवरच्या पर्यटकांना प्रवेश देण्यावर निर्बंध आणले. असा पासपोर्ट असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारा: ‘माय पासपोर्ट हॅज ओन्ली वन नेम. कॅन आय ट्रॅव्हल?’

८. वेब चेक-इन (इंटरनेटवर आधीच केलेलं चेक-इन) केलं तरी काउंटरवर का जायचं?

मोठी बॅग द्यायची असेल तर जावं लागतं. वेब चेक-इन केलेल्यांसाठी पुष्कळदा ‘बॅग ड्रॉप’ नावाची वेगळी रांग असते. विमानाच्या पोटात जाते ती चेक-इन बॅग, आपल्यासोबत वर येते ती केबिन बॅग किंवा हँड बॅगेज. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन देतात. याला बॅगेज अलाउन्स म्हणतात. जास्त झालं की ‘एक्सेस बॅगेज’ आणि किलोमागे पैसे.

परदेशाच्या तिकिटावर ‘टू पीसेस, ट्वेंटी-थ्री किलोज ईच’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे दोन बॅगा आणि प्रत्येकीत २३ किलोपर्यंत. एकीत २८ आणि दुसरीत १८ चालत नाही, जरी बेरीज ४६च होत असली तरी. काउंटरवर ‘युअर बॅग इज ओव्हरवेट’ ऐकलंत तर म्हणा, ‘कॅन आय मूव्ह सम थिंग्ज टू द अदर बॅग?’ बाजूला होऊन बॅग उघडायची परवानगी मिळते. म्हणून वरच्या थरात जड पण सुट्या वस्तू ठेवा, साड्यांच्या तळाशी नको.

देशांतर्गत विमानात सामान घेण्याचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो.

९. काउंटरवर नेमकं काय विचारतात?

‘डिड यू पॅक युअर बॅग युअरसेल्फ?’ म्हणजे बॅग तुम्हीच भरली का. ‘हॅज एनीवन गिव्हन यू एनीथिंग टू कॅरी?’ म्हणजे कोणी काही न्यायला दिलंय का. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी दिलेलं बंद पाकीट इथे मोजलं जातं. दिलं असेल तर तसं सांगा, आणि पाकीट घरीच उघडून पाहून मग बॅगेत घाला. त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

तिसरा प्रश्न जपून ऐका: ‘एनी इन्फ्लॅमेबल आयटम्स?’ इनकम्प्लीट, इनकरेक्ट यांवरून वाटतं की इन्फ्लॅमेबल म्हणजे न पेटणारं. तसं नाही. फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल दोन्हींचा अर्थ पेट घेणारं. त्यामुळे याचं उत्तर ‘नो’ असायला हवं, आणि बॅगेत लायटर, कापूर, रॉकेल, रंग, फटाके असं काही नसायला हवं. देवपूजेसाठी कापराची डबी नेणारे पुष्कळ आहेत. ती काढून ठेवा.

‘पॉवर बँक इन चेक-इन बॅग?’ यालाही उत्तर ‘नो’. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या असतात. सहसा १०० वॉट-आवरपर्यंत चालतात, म्हणजे नेहमीच्या बनावटीत साधारण २७,००० एमएएच.

१०. सुकं खोबरं, लोणचं, तूप, भाजणी, गोडा मसाला: यांना इंग्रजीत काय म्हणायचं, आणि नेऊ देतात का?

सुकं खोबरं म्हणजे ड्राय कोकोनट किंवा कोप्रा. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. अख्ख्या वाट्या काढायला लावतात. खोबऱ्याची चटणी किंवा भाजून कुटलेला मसाला ही वेगळी गोष्ट, पण वाट्या नकोतच.

लोणचं ‘पिकल’, तूप ‘घी’ किंवा ‘क्लॅरिफाइड बटर’. पातळ किंवा लिबलिबीत असलेलं सगळं लिक्विड्समध्ये धरलं जातं. आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिन बॅगेतली कुठलीही बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, आत थोडंसंच उरलेलं असलं तरी. बाटली किती मोठी ते पाहतात. म्हणून तूप आणि लोणचं चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून, झाकणाला चिकटपट्टी लावून.

भाजणी म्हणजे ‘रोस्टेड मल्टीग्रेन फ्लोअर’, मेतकूट ‘रोस्टेड लेंटिल पावडर’, गोडा मसाला ‘स्पाइस मिक्स’. डब्यावर इंग्रजीत नाव लिहिलेलं असलं की समजावत बसावं लागत नाही. अमेरिकेला जाताना केबिन बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर तिची वेगळी तपासणी होते, तेव्हा पिठं आणि मसालेही खालच्या बॅगेत घाला. उतरल्यावर यातलं काय जाहीर करायचं ते प्रश्न १९ मध्ये.

११. सीट निवडताना आइल, विंडो असं विचारतात. आणि मध्येच ‘एक्झिट रो’ म्हणजे?

विंडो खिडकीची, आइल वाटेची, मिडल मधली. आइलचा उच्चार ‘आइल’, त्यातला एस बोलत नाहीत. तीन-तीन सीटांच्या विमानात ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेच्या. गुडघे दुखत असतील किंवा वारंवार उठावं लागत असेल तर ‘आइल सीट, प्लीज’.

एक्झिट रो म्हणजे आपत्कालीन दाराजवळची रांग. तिथे पाय पसरायला जागा जास्त असते म्हणून लोक मागून घेतात. पण तिथे बसणाऱ्याने गरज पडली तर जड दार उघडून इतरांना बाहेर काढायचं असतं. हवाईसुंदरी विचारते, ‘आर यू विलिंग टू असिस्ट इन अॅन इमर्जन्सी?’ इथे येस म्हटलं की ती जबाबदारी घेतली. जमणार नसेल तर सरळ म्हणा, ‘नो, प्लीज चेंज माय सीट.’ त्यात कमीपणा नाही.

१२. व्हीलचेअर मागितली आहे. ‘कॅन यू क्लाइंब स्टेअर्स?’ असं विचारलं तर काय सांगू?

खरं ते सांगा. व्हीलचेअरच्या तीन पातळ्या असतात आणि तुमच्या उत्तरावरून त्यातली एक ठरते. लांब चालवत नाही पण जिने चढता येतात आणि विमानात आपल्या पायांनी जाता येतं, ही पहिली. जिना चढता येत नाही, सपाटीवर चार पावलं टाकता येतात, ही दुसरी. अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं, ही तिसरी.

विमान नेहमी एअरोब्रिजला, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या पुलाला, लागत नाही. कधी ते लांब उभं असतं, ‘रिमोट बे’वर, आणि बसने जाऊन शिडी चढावी लागते. संकोचाने ‘येस’ म्हटलंत तर ऐन वेळी शिडीखाली उभं राहावं लागतं. म्हणा: ‘आय कॅनॉट क्लाइंब स्टेअर्स. आय कॅन वॉक अ फ्यू स्टेप्स.’ आणि ही मागणी विमान सुटण्याच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा. आयत्या वेळी व्हीलचेअर मिळतेही, पण वाट पाहावी लागते.

१३. सिक्युरिटीत घाई करतात आणि काय म्हणतात तेच कळत नाही.

तिथे वाक्यं नसतात, तुटक शब्द असतात. ‘ट्रे’: त्यात सामान ठेवा. ‘लॅपटॉप आउट’. ‘एम्प्टी युअर पॉकेट्स’: नाणी, किल्ल्या, मोबाइल सगळं काढा. ‘बेल्ट’. ‘आर्म्स अप’. ‘टर्न अराउंड’. आपल्याकडे सीआयएसएफचे जवान हिंदीत सांगतात आणि महिलांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. बॅग बाजूला घेऊन ‘इज धिस युअर बॅग?’ विचारलं तर घाबरू नका, आत काहीतरी नीट दिसलेलं नाही एवढंच. ‘येस, इट इज माइन’ म्हणा आणि त्यांनी सांगेपर्यंत बॅगेला हात लावू नका.

१४. बोर्डवर ‘गेट क्लोज्ड’ दिसलं, पण सुटायला अजून वेळ होता. असं कसं?

बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात. डिपार्चर म्हणजे विमान हलण्याची वेळ, बोर्डिंग म्हणजे चढायला सुरुवात. विमान सुटण्याच्या साधारण २० ते २५ मिनिटं आधी गेट बंद होतं. आपण लोकलच्या सवयीने सुटण्याच्या वेळेवर नजर ठेवतो. ती सवय इथे सोडा, बोर्डिंगची वेळ धरा.

पडद्यावरचे शब्द: ‘गो टू गेट’ म्हणजे निघा, ‘बोर्डिंग’ म्हणजे चढणं सुरू, ‘फायनल कॉल’ म्हणजे शेवटची संधी. मुंबई विमानतळावर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, तेव्हा पुकारतील म्हणून बसून राहू नका. गेट बदललं तर ‘गेट चेंज’ दिसतं. ‘बोर्डिंग बाय झोन्स’ असेल तर पासवरचा झोन पाहा. लहान मुलं आणि व्हीलचेअरवाल्यांना आधी घेतात, त्याला ‘प्री-बोर्डिंग’ म्हणतात.

१५. डिलेड, रीशेड्यूल्ड, कॅन्सल्ड, डायव्हर्टेड: फरक काय, आणि मला काय मिळेल?

डिलेड म्हणजे उशीर. रीशेड्यूल्ड म्हणजे वेळच बदलली. कॅन्सल्ड म्हणजे रद्द. डायव्हर्टेड म्हणजे विमान दुसऱ्याच गावी उतरवलं. पावसाळ्यात मुंबईचं विमान अहमदाबादला नाहीतर हैदराबादला उतरतं ते हे. कारणांत ‘इन्क्लेमेंट वेदर’ म्हणजे खराब हवामान, ‘कंजेशन’ म्हणजे विमानांची गर्दी, ‘टेक्निकल स्नॅग’ म्हणजे बिघाड.

भारतात डीजीसीएचे, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने खाणंपिणं द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक प्रवाशाला निवडता येतं. काउंटरवर जाऊन शांतपणे म्हणा, ‘प्लीज अरेंज मील्स’ किंवा ‘आय वॉन्ट अ फुल रीफंड’. ‘रीफंड’ म्हणजे पैसे परत आणि ‘क्रेडिट शेल’ म्हणजे त्याच कंपनीकडे जमा राहिलेली रक्कम. दोन्हींतला फरक विचारल्याशिवाय ‘ओके’ म्हणू नका. दाद मिळाली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

१६. डायरेक्ट फ्लाइट घेतली, तरी ती मध्येच उतरली. फसवलं का?

नाही. ‘नॉन-स्टॉप’ म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. ‘डायरेक्ट’ म्हणजे फ्लाइट नंबर तोच, पण वाटेत एखादा थांबा असू शकतो. ‘कनेक्टिंग’ म्हणजे विमान बदलायचं. मधल्या थांब्याला लेओव्हर म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात तो २४ तासांहून मोठा झाला की स्टॉपओव्हर.

काउंटरवर एक प्रश्न जरूर विचारा: ‘इज माय बॅग चेक्ड थ्रू टू द फायनल डेस्टिनेशन?’ दुबई-दोह्यामार्गे जाताना बॅग बहुधा परस्पर पुढे जाते. अमेरिकेत मात्र ज्या पहिल्या शहरात उतरता तिथे सहसा बॅग उचलून, कस्टम्सची (सोबत आणलेल्या मालाची) तपासणी करून पुन्हा द्यावी लागते. परदेशातून दिल्लीमार्गे मुंबईला येतानाही सहसा तसंच.

१७. विमानात सगळं भराभर बोलतात. त्यातलं काय ऐकायचं?

‘फासन युअर सीट बेल्ट’, ‘सीट अपराइट’, ‘ट्रे टेबल’, ‘विंडो शेड्स ओपन’ एवढं तुमच्यासाठी असतं. ‘केबिन क्रू, आर्म डोअर्स अँड क्रॉस-चेक’ हे कर्मचाऱ्यांसाठी: दार उघडलं की घसरगुंडी आपोआप फुगेल अशी व्यवस्था ते चालू करतात आणि एकमेकांची तपासतात. ‘टर्ब्युलन्स’ म्हणजे हवेतले हादरे. पट्टा लावून बसा, चहा असेल तर परत द्या.

बरं वाटत नसेल तर डोक्यावरचं बटण दाबा आणि मोजकं बोला. ‘चेस्ट पेन.’ ‘आय कॅनॉट ब्रीद वेल.’ ‘आय अॅम डायबेटिक, माय शुगर इज लो.’ ‘आय फील डिझी.’ व्याकरणाचा विचार करू नका. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी केबिन बॅगेतच ठेवा, आणि औषधांची नावं इंग्रजीत लिहिलेला कागद पासपोर्टसोबत.

१८. मुलीच्या बाळंतपणाला चालले आहे. इमिग्रेशनला काय सांगू?

‘व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?’ हा ठरलेला प्रश्न. उत्तर: ‘टू व्हिजिट माय डॉटर. शी इज हॅविंग अ बेबी.’ खरं आहे तेच सांगायचं, फक्त शब्द नीट निवडायचे. ‘आय अॅम गोइंग टू वर्क फॉर माय डॉटर’ किंवा ‘बेबीसिटिंग’ असं म्हटलं की समोरच्याला तुम्ही नोकरी करायला आला आहात असं वाटतं, आणि व्हिजिटर व्हिसावर नोकरी करता येत नाही. आपल्या मनात आजीची माया असते, अधिकाऱ्याच्या कानावर मात्र ‘वर्क’ पडतं.

पुढे: ‘हाउ लाँग विल यू स्टे?’ महिन्यांत सांगा आणि परतीचं तिकीट दाखवा. ‘व्हेअर विल यू स्टे?’ मुलीचा पत्ता कागदावर लिहिलेला ठेवा, फोनची बॅटरी संपलेली असू शकते. ‘हू इज पेइंग?’ जे असेल ते. अमेरिकेत किती दिवस राहता येईल ते व्हिसाच्या तारखेवर नाही, प्रवेशाच्या वेळी आय-नाइंटी-फोर नोंदीत दिलेल्या तारखेवर ठरतं. ती नोंद मुलीकडून ऑनलाइन पाहून घ्या. अगदीच कळेनासं झालं तर ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ म्हणा. दुभाषा मागण्यात काही चूक नाही.

१९. ‘एनीथिंग टू डिक्लेअर?’ याला ‘नो’ म्हणून मोकळं व्हावं का?

बॅगेत खाणं असेल तर नाही. डिक्लेअर म्हणजे जाहीर करणं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होऊ शकतो. अमेरिकेत ‘एनी फूड?’ विचारलं तर ‘येस. ड्राय इंडियन स्नॅक्स, स्पाइसेस अँड फ्लोअर’ असं सांगा. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, मांस यांवर कडक बंधनं आहेत. तुळशीचं रोप किंवा हापूसची पेटी सोबत नेऊ नका.

मुंबईला परतताना दोन वाटा दिसतात: ग्रीन चॅनल म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नाही, रेड चॅनल म्हणजे आहे. तिकडून सोनं किंवा महागडी वस्तू आणली असेल तर मर्यादा आधी पाहा, आणि शंका असली तर रेडमधून जा.

२०. माझी बॅग पट्ट्यावर आलीच नाही. कुणाला काय सांगायचं?

बाहेर पडू नका. बॅगेज सर्व्हिसेस काउंटरवर जाऊन म्हणा, ‘माय बॅग हॅज नॉट अराइव्ह्ड. आय वॉन्ट टू फाइल अ पीआयआर.’ पीआयआर म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट, सामानाच्या तक्रारीची नोंद. बोर्डिंग पासवर चिकटवलेली छोटी बॅग-टॅगची पट्टी तेव्हा लागते, म्हणून ती घरी पोचेपर्यंत फेकू नका. बॅगेचं वर्णन विचारतात: ‘हार्ड केस’ की ‘सॉफ्ट’, रंग, चाकं. मुलाने फोनमध्ये बॅगेचा फोटो काढून दिलेला असेल तर तो दाखवला की पुरतं. मोडलेली बॅग ‘डॅमेज्ड’. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची, ती मिळाल्यापासून २१ दिवसांत करायची असते.

२१. तिकीट एका कंपनीचं, विमान दुसऱ्याच कंपनीचं. कुठल्या काउंटरवर जाऊ?

तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ पाहा. त्यापुढे जिचं नाव, तिच्या काउंटरवर जायचं. याला कोडशेअर म्हणतात. सामानाची मर्यादा कुणाची लागू हे मात्र तिकिटावरच्या बॅगेज अलाउन्सच्या ओळीवरून पाहा, अंदाजाने नको.

२२. वेळेत पोचूनही चढू दिलं नाही. ‘ओव्हरबुक्ड’ म्हणाले. हे चालतं का?

सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली की असं होतं. नियमात याला ‘डिनाइड बोर्डिंग’ म्हणतात. आधी ते स्वेच्छेने थांबणारे विचारतात: ‘वी आर लुकिंग फॉर व्हॉलंटिअर्स.’ इथे हात वर केला तर तुम्ही राजीखुशीने थांबलात असं होतं, तेव्हा ‘व्हॉट विल आय गेट?’ हे आधी विचारा. मनाविरुद्ध उतरवलं आणि एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं नाही तर भारतात भरपाई मिळते. २४ तासांच्या आत सुटणारं विमान दिलं तर मूळ एकेरी भाडं आणि इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यानंतरचं दिलं तर चौपट, कमाल २०,००० रुपये.

उशिरा पोचल्यामुळे राहिलात तर ते ‘नो-शो’, त्यात ही भरपाई नाही. म्हणून काउंटरवर म्हणा, ‘प्लीज गिव्ह मी इन रायटिंग: डिनाइड बोर्डिंग, नॉट नो-शो.’

२३. दोन वेगळी तिकिटं काढली होती. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं. आता?

एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असते तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची होती. दोन वेगळ्या पीएनआरवर ती सहसा तुमच्यावर येते आणि बॅगही परस्पर पुढे जात नाही. स्वस्त पडतं म्हणून मुलं कधी असं काढून देतात. तिकीट हातात आलं की विचारा, ‘इज इट ऑन वन पीएनआर?’ वेगळं असेल तर दोन विमानांत भरपूर अंतर ठेवा. चुकलंच, तर दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर: ‘आय मिस्ड माय फ्लाइट बिकॉज माय फर्स्ट फ्लाइट वॉज लेट. कॅन यू पुट मी ऑन द नेक्स्ट वन?’ पहिल्या विमानाचा बोर्डिंग पास सोबत दाखवा. फरकाचे पैसे मागतील. किती ते लिहून घ्या आणि मुलाला फोन लावून मगच हो म्हणा.